कोपऱ्यातली टिकटिक

पानवेलीला पाणी सोडायला जाण्याआधी धर्मा रोज बायकोच्या छातीला कान लावत असे. द्वारका तेव्हा चहा गाळत उभी असायची. तो मान तिरकी करून वाकायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "चालू हाय गो घड्याळ!"

"सरका. पोरं बघतात."

"बघू दे. शेजाऱ्याची नाय, माझीच बायको हाय. आनि डॉक्टरनं सांगितलंय ऐकायला."

डॉक्टरांनी खरोखरच सांगितलं होतं. लहानपणी सांधे धरून आलेल्या तापाने द्वारकेच्या हृदयाची एक झडप निकामी होत गेली होती. लेकीचं, मनालीचं, लग्न झालं त्या सुमारास विहिरीवरून हंडा आणतानाच तिला धाप लागू लागली, तेव्हा ते कळलं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि कृत्रिम झडप बसवली गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावलं. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. ती किती घ्यायची हे दर महिन्याला रक्त तपासून ठरवायचं. पालेभाजी एकदम फार वाढवायची नाही, गोळीचा गुण कमी होतो. आणि शेवटी ते म्हणाले, "ही झडप मिटताना टिक असा आवाज करते. त्याला घाबरू नका. घाबरायचं ते आवाज दबला तर. झडपेवर रक्ताची गुठळी बसली की तसं होतं. क्वचितच होतं, कित्येक वर्षांनीही होतं. पण तसं वाटलं तर घरी बसायचं नाही, सरळ निघून यायचं."

मनाली तेव्हा आईची पिशवी धरून शेजारी उभी होती. हे बोलणं ती पुढे कधी विसरली नाही. धर्मा तर नाहीच नाही. कुंपणापलीकडची मटिल्डा त्याला हाक मारून विचारायची, "धर्मा, चावी दिलीस काय रे घड्याळाला?" तो म्हणायचा, "दिली. तू तुझ्या ॲन्सेल्मला दे. दुपारपर्यंत बंदच असतो तो."

गास गावातल्या त्या घरात ही टिकटिक खपत नसे ती एकट्या पुतळाबाईला. ती धर्माची थोरली बहीण. दिवेलागणीला घर शांत झालं की ती म्हणायची, "जित्या मानसाच्या आत यंत्र वाजतं. हे काय बरं नाय."

पुतळाबाई भावाच्या घरी कशी आली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आगाशीला दिलेली ही मुलगी ऐन तारुण्यात विधवा झाली आणि सासरच्यांनी तिला कोपऱ्यात बसवलं. धर्माला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तो सायकल काढून गेला, कुणाला न विचारता बहिणीला उठवलं आणि कॅरियरवर बसवून घेऊन आला. "डोळे आत गेलेले, व्हट फुटलेले," तो सांगायचा. "मी मुहूर्त बघत बसलो असतो, तर हिला सायकलवरून नाय, खांद्यावरून आनली असती." तो हे हसत सांगायचा. पुतळाबाई मात्र तेवढ्यात उठून आत जायची.

मग एका वर्षी पाऊस सरता सरता विहिरीवरची मोटर अडकली. ओल्या हाताने ती सोडवायला गेलेला धर्मा तिथेच पडला. मटिल्डाचा नवरा ॲन्सेल्म सुक्या बांबूने त्याला बाजूला ढकलीपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झालं आणि पुतळाबाईने माजघरात, भाताच्या कणगीमागे चटई टाकली. खिडकी लावून घेतली. द्वारकेला तिथे बसवलं.

कोपरा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात ही रीत नाही त्यांना सांगायला हवं. विधवेने तोंड भिंतीकडे करून बसायचं. तिला कुणी शिवायचं नाही. ताट लांबून सरकवायचं, त्यात बिनफोडणीची भाजी आणि भात. परसात जायचं ते मागल्या दाराने, कुणी बघत नसताना. पुढल्या दाराचा उंबरा ओलांडायचा नाही. मग एके दिवशी माहेरची माणसं लुगडं आणि नारळ घेऊन येतात आणि तिला उठवून आपल्या घरी नेतात. याला कोपरा सोडवणं म्हणतात. मग ती परत माणसांत येते. जेवढी येऊ देतील तेवढी.

द्वारकेचं माहेर केळव्याचं. तिथे एकच भाऊ, जयवंत. त्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं होतं. त्याने निरोप पाठवला, "मांडव पडायच्या आधी कोपऱ्यातल्या बाईला घरात कशी आणू? लग्न उरकू दे, मग येतो." लग्न होतं तुळशीच्या लग्नानंतर.

रक्त तपासायची वेळ आली तशी मनाली विरारहून आली. चपला काढता काढताच म्हणाली, "आत्या, आईला पापडीला लॅबमध्ये नेते. तासाभरात परत आणते."

"कोपऱ्यातली बाय उंबरा ओलांडत नाय."

"मग लॅबचा माणूस इथे आणते."

"आन. मी दारात हाय."

मनालीने खरंच आणला. पुतळाबाई फाटकात आडवी उभी राहिली. "परका पुरुष तिच्या हाताला हात लावनार? माझ्या भावाची राख थंड झाली नाय, आनि तुम्ही तिचं रगत काढायला आले?" तो बिचारा पेटी घेऊन आल्या पावली परतला.

मनालीचा भाऊ चिराग ओटीवर बसून मोबाइलवर बोलत होता. ग्रामपंचायतीला तो उभा राहणार होता. फोन ठेवून तो म्हणाला, "मनू, जरा समजून घे ना यार. इलेक्शन तोंडावर आलंय. लोक आमच्या घराकडे बघतायत. एक टेस्ट नाही झाली तर काय आभाळ कोसळणार आहे? गोळी चालूच आहे ना?"

"गोळी किती द्यायची ते टेस्टवरून ठरतं, चिराग. बाबा कधी चुकले नाहीत."

"बाबा आता नाहीत. आणि तू पाहुणी आहेस इथे. येणार, भांडणार, जाणार. आम्हाला गावात राहायचंय."

मनाली कणगीला वळसा घालून आत गेली. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. मनालीने पुढे केलेला हात पुतळाबाईने वरच्या वर झटकला. "शिवू नको!"

"भांडू नको, बाय," द्वारका भिंतीकडे बघतच म्हणाली. "दादा येईल न्यायला. त्याच्याआधी मी उठले, आनि त्याच्या पोराच्या लग्नात काय कमीजास्त झालं, तर मला दोष लागेल."

"आणि तुला काही झालं तर?"

"मला आता काय व्हायचं राहिलंय?"

त्या घरात द्वारकेच्या छातीला रोज कान लावणारं एकच माणूस होतं, आणि ते गेलं म्हणूनच तिला अशा जागी बसवलं होतं, जिथे कुणी तिच्या जवळ जायचं नव्हतं.

दिवाळी आली. त्या घरी कंदील लागला नाही. द्वारका रात्री आडवी होईनाशी झाली, भिंतीला पाठ लावून बसून राहू लागली. पुतळाबाई म्हणाली, "दुःखानं झोप कुठची?" तिला जेवण जाईना. "नवऱ्यामागं घास उतरत नाय, चांगल्या घरची बाय हाय." चार शब्द बोलताना तिला मध्येच श्वास घ्यावा लागे. "हुंदका हाय तो." पाय सुजले. "बसून बसून." कोपऱ्याने प्रत्येक लक्षणाला एक नाव देऊन ठेवलं होतं आणि ते नाव दुःख होतं. ताटातली भाजी रोजची परसातल्या माठाच्या पाल्याची, कारण कोपऱ्यातल्या बाईला दुसरं काही चालत नाही. गोळी मात्र रोज ताटाच्या कडेला असायची. चिरागची बायको पिंकी ती न चुकता ठेवायची.

एकदा ताट सरकवताना पिंकी थबकली. "आत्याबाय, आईंचा तो आवाज येत नाय आता."

पुतळाबाईने कान दिला. मग तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ. कोपऱ्यात बसली, तर अंगातलं यंत्रपन गप झालं. आता बरी होईल ती."

पिंकीला ते पटलं की नाही, कोण जाणे. तिने पुन्हा विचारलं नाही. त्या घरात सुनेने एकदा विचारायचं असतं, दुसऱ्यांदा नाही.

मटिल्डाचा फोन आला तेव्हा मनाली शाळेतून नुकतीच घरी आली होती. ती विरारला शाळेत शिकवत असे. मटिल्डा नाक्यावरच्या फोनवरून ओरडतच होती.

"मनाली, तुझी आय बरी नाय गो. मी मागनं खिडकी ढकलून बघितलं. पाय दुधीसारखे सुजलेत. हाक मारली, तर वो द्यायला श्वास पुरत नाय तिला. आमच्यातपन रांडमुंड बाईला काय कमी छळत नाय, पर डॉक्टर बंद नाय करत. तू ये. आत्ता ये."

मनाली पोचली तेव्हा ओटीवर सतरंजी घातलेली होती. चिरागची माणसं बसली होती, कपबश्या फिरत होत्या. ती त्यांच्यामधून आत गेली, कणगीमागे गेली आणि आईला मिठी मारून बसली. पुतळाबाई "शिवलीस! शिवलीस!" म्हणत आली. मनालीने आईच्या पदरावर कान टेकवला.

वडील ऐकायचे तो आवाज तिला पाठ होता. पाटावर नख मारल्यासारखा कोरडा, स्पष्ट. आता आत नुसती धावपळ होती. कापडात गुंडाळून काहीतरी आपटावं तसा एक बोथट ठोका, आणि मागे पाण्यासारखी खळखळ. टिक नव्हतीच.

"आई, आवाज कधीपासून गेला?"

द्वारका हसली असावी. "तुझा बाप गेला... तेव्हापासून... ऐकतंय कोन?"

"ऊठ. आत्ता निघायचं."

"दादा..." द्वारकेने कणगीची कड धरली. सुजलेली बोटं, पण पकड घट्ट. "लग्न होऊ दे... त्याचं."

"मनू!" चिराग दारात आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "बाहेर माणसं आहेत. वॉर्डातली सगळी मोठी घरं आलीत. तासभर थांब ना. अंधार पडू दे. मग मागल्या दाराने ने, मी स्वतः गाडी देतो."

"तिला तासभर नाहीये, चिराग."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. पण मला ऐकू येतं."

तिने कणगीवरून आईची बोटं एकेक करून सोडवली. हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, कारण आई सोडत नव्हती. पुतळाबाई पुढल्या दारात हात पसरून उभी राहिली. "मागनं ने! माझ्या भावाच्या दारातून अशी नाय जायची!" मनालीने खांद्याने तिला बाजूला सारलं.

ओटीवरची माणसं उठून उभी राहिली. एकाही माणसाने हात पुढे केला नाही. त्यांनी फक्त तोंडं फिरवली. कुणी भिंतीकडे, कुणी वाडीकडे. कोपऱ्यातल्या विधवेचं तोंड बघायचं नसतं. गावाचा कारभार मागायला निघालेली ती सगळी मंडळी एका बाईला धाप लागलेली असताना पाठ करून उभी होती आणि सतरंजीवर चहा निवत होता.

ॲन्सेल्मने भाजीचा टेंपो फाटकाशी आणला. मटिल्डा मागे चढून बसली आणि द्वारकेचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

इस्पितळात सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवताना तरुण डॉक्टरीणबाईंचा हात एका जागी थांबला. त्यांनी पडदा मनालीकडे वळवला. "झडपेच्या दोन पाकळ्या असतात. ही उघडतेय. ही बघा, हलतच नाहीये. गुठळी बसलीय. शेवटची रक्ततपासणी कधी झाली?"

"वडील होते तेव्हा."

तोपर्यंत चिराग येऊन पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "घरात कुणाला आवाज बदललेला जाणवला नाही?"

"जाणवला होता," चिराग म्हणाला. तो खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. "आत्या म्हणाली, आता शांत वाटतंय. आम्हाला वाटलं, बरं झालं."

डॉक्टरीणबाईंनी पडदा परत वळवून घेतला. "तेव्हाच आणलं असतं, तर औषधाने गुठळी विरघळवायला वेळ होता. आताही देतोय. बघू या."

औषध चढवायला सुरुवात झाली. द्वारकेचा हात मनालीच्या हातात होता. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि शब्द फुटला नाही. गुठळीचा तुकडा मेंदूत गेला होता. उजाडायच्या आत ती गेली.

गावाने द्वारकेला फार मोठं केलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणे, "पुण्यवान गो. नवऱ्यामागोमाग गेली. त्याच्याबिगर राहवलं नाय तिला." पुतळाबाई डोळ्यांना पदर लावून मान हलवी. चिरागही ऐकून घेई. तो निवडूनही आला. जिच्या छातीचा आवाज बंद झालेला सगळ्यांना चालला, तिच्या पातिव्रत्याचा मात्र गावभर गजर झाला.

तेराव्याला जयवंतमामा आला. मुलाचं लग्न निर्विघ्न पार पडलं होतं. त्याच्या हातात कोरं लुगडं होतं आणि नारळ.

"हे काय, मामा?" मनालीने विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कोपरा सोडवायला आलो."

"कुणाचा?"

उत्तर पुतळाबाईने दिलं. "सोडवल्याबिगर गेली ती. तसाच ठेवला, तर कोपरा घरातल्या दुसऱ्या बाईला धरतो. नारळ तिथं ठेवायचा आनि सुनेनं उचलून भावाच्या पदरात द्यायचा. पिंकी, हात धुऊन ये."

माजघर बायकांनी भरलं होतं. कणगी सरकवलेली नव्हती. चटईवर अजून एका बाजूला बसल्याचा खळगा होता. मामाने नारळ त्या खळग्यात ठेवला आणि मागे सरला. एवढ्या दिवसांत तो त्या जागेच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आला होता.

"आत्या," मनाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आगाशीहून तुला आणायला बाबा गेले, तेव्हा त्यांच्या हातात नारळ होता?"

पुतळाबाई दाराकडे वळली.

"लुगडं होतं? मुहूर्त बघितला होता त्यांनी?"

"गप बस."

"सायकल होती फक्त. तू उन्हात कॅरियरवर बसून आलीस, आणि वाटेत रडत बाबांना म्हणत होतीस, माझ्यामुळे तुझ्यावर काहीतरी येईल. बाबा सांगायचे. तुला नको वाटायचं ते, तू उठून जायचीस."

पुतळाबाईचा चेहरा सैल झाला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निसटलं. "येनारच होतं! मी अर्ध्यात उठले, म्हनून माझा भाऊ गेला. मोटरला हात लावून असा कोन मरतो? माझा कोपरा बाकी होता, तो त्याला लागला. म्हनून हिला पुरी बसवली. हिच्या पोरांना काय होऊ नये म्हनून बसवली!"

बायकांत कुजबूज झाली. काहींनी माना डोलावल्या. म्हणजे त्यांनाही ते खरं वाटत होतं.

"तू अर्ध्यात उठलीस म्हणून तू जगलीस, आत्या," मनाली म्हणाली. "आई पुरी बसली म्हणून मेली. नवऱ्यामागे गेली नाही ती. बसली होती, भावाची वाट बघत. तिच्या अंगात एक घड्याळ होतं आणि ते बंद पडताना या घराने ऐकलं. ऐकून म्हणालात, बरं झालं."

मामा खाली बसला. रडायला लागला. कुणी त्याची समजूत घातली नाही.

"पिंकी," पुतळाबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात हुकूम नव्हता, भीक होती. "उचल गो. तुझ्यासाठीच सांगते. उद्या तुझ्यावर येईल."

पिंकी ओले हात पदराला पुसत दारात उभी होती. तिने नारळाकडे बघितलं, मग चटईवरच्या खळग्याकडे.

"नाय उचलनार," ती म्हणाली. "मीच विचारलं होतं तुम्हाला, आवाज येत नाय म्हनून. पहिल्यांदा विचारलं ते विचारलंच. आता दुसऱ्यांदा सांगते. या घरात मी त्या जागेला हात लावनार नाय, आनि तिथं बसनारपन नाय. यांचं काही होवो."

चिराग दारातच उभा होता. बायको आपल्या मरणाविषयी चारचौघांत बोलली, हे ऐकून त्याने आधी जमलेल्या बायकांकडे बघितलं.

पिंकीने खिडकी उघडली. मग चटई गुंडाळून मागल्या अंगणात नेली आणि तिला काडी लावली. नारळ गडगडत कणगीखाली गेला. तो काढायला कुणी वाकलं नाही.

हल्ली गासपासून अर्नाळ्यापर्यंत कुठे कुणाचा नवरा गेल्याचं कळलं, की मनाली जाते. नात्याची असो नसो, जातीची असो नसो. पुढल्या दाराने आत जाते. काही घरांत तिला पाणी विचारत नाहीत. एकदा पाचूबंदरला एका म्हातारीने तिच्या अंगावर मासळीचं पाणी फेकलं. ती भाषण करत नाही, वाद घालत नाही. जी बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली असते तिच्याशेजारी ती जमिनीवर बसते, तिचा हात हातात घेते. सगळ्या घराला दिसेल असा घेते, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारते,

"ताई, तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

बहुतेक वेळा ती बाई आधी रडते. कारण नवरा गेल्यापासून तिच्याविषयी तिला कुणी पहिल्यांदाच काहीतरी विचारलेलं असतं.